प्रत्यारोपित मूत्रपिंडाची डॉप्लर सोनोग्राफी गावाकडे करावी की प्रत्येक वेळी मुंबई गाठावी?

वाशिष्ठीकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांचे (वय ६१) मूत्रपिंड प्रत्यारोपण अडीच महिन्यांपूर्वी मुंबईतील एका रुग्णालयात झाले. दाता माझी आई आहे आणि तिची प्रकृती उत्तम आहे. मूत्रवाहिनीत ठेवलेली डीजे स्टेंट (ती वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) चौथ्या आठवड्यात दुर्बिणीने काढली, आणि आणखी काही दिवस मुंबईत भाड्याच्या खोलीत राहून आम्ही गुहागर तालुक्यातील आमच्या गावी परतलो. तेव्हा रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम घटले की वाढणारा घटक) १.२ वर स्थिरावले होते.

दहा दिवसांपूर्वी ते १.३ आले आणि या सोमवारी १.६. ताप नाही, लघवीचे प्रमाण नेहमीसारखेच आहे, गोळ्या एकही चुकलेली नाही. उजव्या पायाला थोडी सूज आहे, पण ती मुंबईहून बसने आल्यापासूनची असल्यामुळे आम्ही तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. मुंबईच्या प्रत्यारोपण समन्वयक ताईंनी फोनवर सांगितले की टॅक्रोलिमसची (शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाची) रक्तातील पातळी आणि डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह मोजणारी, सोनोग्राफी लगेच करून अहवाल पाठवावा. त्याप्रमाणे जवळच्या एका शहरात सोनोग्राफी करून आलो.

तेथे घडले ते असे. प्रतीक्षालयात वडिलांना चार ग्लास पाणी पाजून लघवी रोखून धरायला सांगितले. आत गेल्यावर त्यांना कुशीवर वळवून प्रोब पाठीला लावला गेला, आणि बराच वेळ पाहून झाल्यावर तपासणाऱ्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारले, “दोन्ही किडन्या पूर्ण आकसल्या आहेत, डायलिसिस कधीपासून चालू आहे?” मी प्रत्यारोपणाचे सांगितल्यावर त्यांनी पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला प्रोब फिरवला आणि चार-पाच मिनिटांत तपासणी आटोपली. अहवालाचे पाऊण पान जुन्या मूत्रपिंडांबद्दल आहे. नव्याबद्दल एवढेच आहे: उजव्या इलियाक फोसामध्ये (ओटीपोटाच्या उजव्या बाजूला) प्रत्यारोपित मूत्रपिंड, सौम्य हायड्रोनेफ्रोसिस (मूत्रपिंडातील पोकळी लघवीने फुगणे), आरआय ०.८२.

इंटरनेटवर वाचले तर आरआय ०.८ च्या वर म्हणजे रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवे मूत्रपिंड नाकारणे, असे दिसले. आईला हे सांगितलेले नाही, पण तिला कळल्याशिवाय राहिलेले नाही आणि कालपासून ती नीट जेवलेली नाही. येथील एका डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसावे म्हणून शिरेतून द्यायचे औषध) देऊन सीटी स्कॅन करण्याचा सल्ला दिला आहे. तो करावा का, ०.८२ या आकड्याचा नेमका अर्थ काय, आणि अशा तपासण्या गावाकडे करण्यात काही अर्थ आहे की प्रत्येक वेळी मुंबईच गाठावी, यावर जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. वडिलांना खड्ड्यांच्या रस्त्याने वारंवार नेणे जिवावर येते. पोर्टेबल सोनोग्राफी यंत्र घरी आणता येते का, हाही एक प्रश्न आहे.

तिलारी

सीटीऐवजी सरळ एमआरआय करून घ्या. त्यात किरणोत्सर्ग नसतो, त्यामुळे कॉन्ट्रास्ट दिला तरी अपाय नाही. सगळे एकदाच स्वच्छ दिसेल आणि शंका मिटेल.

क्षकिरण कुडाळ

मी रेडिओलॉजिस्ट असून गेली २२ वर्षे सिंधुदुर्गात काम करतो. रुग्णाला न पाहता निदान करणे योग्य नाही, त्यामुळे पुढील मजकूर केवळ समजुतीसाठी घ्यावा. निर्णय तुमच्या मुंबईच्या नेफ्रॉलॉजिस्टांचाच (मूत्रपिंडविकारतज्ज्ञांचाच) राहील.

आधी एक गोष्ट निकडीची आहे म्हणून ती वेगळी लिहितो. नवे मूत्रपिंड उजव्या बाजूला आहे आणि सूजही उजव्या पायाला आहे. बसच्या प्रवासाने येणारी सूज बहुधा दोन्ही पायांना येते आणि रात्री पाय वर ठेवून झोपल्यावर उतरते. एकाच पायाला, त्यातही प्रत्यारोपणाच्याच बाजूच्या पायाला सूज असेल, तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे का आणि मूत्रपिंडाशेजारी काही साठून ती शीर दाबली जात आहे का, हे दोन्ही पाहावे लागते. ही सूज समन्वयक ताईंना सांगितली आहे का? नसेल तर हा प्रतिसाद वाचून होण्याआधी फोन करा.

आता ०.८२ बद्दल. डॉप्लरमध्ये मूत्रपिंडाच्या आतल्या धमनीतील रक्ताचा वेग दोन क्षणी मोजतात: हृदय आकुंचन पावते तेव्हाचा सर्वाधिक वेग, आणि पुढचा ठोका पडण्याआधीचा सर्वांत कमी वेग. पहिल्यातून दुसरा वजा करून आलेल्या संख्येला पहिल्याने भागले की रेझिस्टिव्ह इंडेक्स, म्हणजे तुमचा आरआय, मिळतो. सर्वाधिक वेग सेकंदाला ५० सेंटिमीटर आणि किमान वेग १५ असेल तर आरआय ०.७० येतो. किमान वेग ९ वर आला तर ०.८२ होतो. म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत रक्ताला मूत्रपिंडात शिरायला अडथळा होत आहे, एवढेच हा आकडा सांगतो. अडथळा कशाचा, हे तो सांगत नाही. रिजेक्शनमध्ये आरआय वाढतो, तसा तो मूत्रनलिकांच्या पेशींना इजा झाल्यावर वाढतो, मूत्रवाहिनी तुंबल्यावर वाढतो आणि बाहेरून मूत्रपिंडावर दाब आल्यावरही वाढतो. रुग्णाच्या रक्तवाहिन्या वय, रक्तदाब वा मधुमेह यांमुळे ताठरल्या असतील तर मूत्रपिंड ठणठणीत असूनही तो वाढलेला दिसतो. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१३ साली आलेल्या बेल्जियममधील एका अभ्यासात हेच दिसले होते, की ठरलेल्या वेळापत्रकानुसार मोजलेला आरआय रोपित मूत्रपिंडाच्या अवस्थेपेक्षा ज्याच्या शरीरात ते बसवले आहे त्या माणसाच्या वयाशी आणि रक्ताभिसरणाशी अधिक जुळतो. शिवाय मोजणाऱ्याचा हातही त्यात येतो. नवे मूत्रपिंड कातडीखाली अगदी जवळ असते, त्यामुळे प्रोब जरा जोरात दाबला तरी आतल्या वाहिन्या दबतात आणि आरआय फुगतो. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या डॉक्टरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, की जेल भरपूर घ्या आणि प्रोब नुसता टेकवा.

तेव्हा ०.८२ म्हणजे रिजेक्शन, हे समीकरण चुकीचे आहे आणि ते आपल्या मातोश्रींना आजच सांगावे. तसेच ०.६५ आला म्हणजे रिजेक्शन नाही, असेही नसते. रिजेक्शनचे निदान बायोप्सीने होते. कॅनडातील बॅन्फ येथे १९९१ साली तज्ज्ञांची बैठक झाली, त्यातून ठरलेल्या निकषांवर सूक्ष्मदर्शकाखाली ऊतीचा तुकडा पाहून ते केले जाते. आमच्या यंत्रांना पेशींची भांडणे दिसत नाहीत. दिसते ते नळकाम: रक्त नीट येते का, नीट परत जाते का, लघवी नीट उतरते का आणि आजूबाजूला कुठे पाणी साचले आहे का. पण क्रिएटिनिन वाढल्यावर हे चार प्रश्न आधी सोडवावेच लागतात, कारण नळकामातला बिघाड दुरुस्त होण्यासारखा असतो, आणि तो न पाहता रिजेक्शन समजून स्टेरॉइडचे मोठे डोस दिले गेले तर नुकसान दुहेरी होते.

तुमच्या अहवालातील मला खटकणारी गोष्ट आरआय नसून ‘सौम्य हायड्रोनेफ्रोसिस’ ही आहे. तीही आधी पारखून घ्यावी लागते. रोपित मूत्रपिंडाची मूत्रवाहिनी मूत्राशयाला नव्याने जोडलेली असते, तिच्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे मूत्राशय तुडुंब असताना मूत्रपिंडातील पोकळी थोडी फुगलेली दिसणे स्वाभाविक आहे. चार ग्लास पाणी पाजून रोखून धरायला लावलेल्या माणसात ती फुगलेली दिसली नसती तरच नवल. मूत्राशय पूर्ण रिकामे करून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिल्यावर फुगवटा ओसरला तर काळजी नाही. ओसरला नाही तर अडथळा आहे असे धरून पुढे जावे लागते. तुमच्या वडिलांची स्टेंट निघून सहा आठवडे झाले आहेत, आणि मूत्रवाहिनी मूत्राशयाजवळच्या टोकाशी अरुंद होत असेल तर ते उघडकीला येण्याचा काळ साधारण हाच असतो.

दुसरी शक्यता अशी, की प्रत्यारोपणात शल्यविशारद मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या करतात तेव्हा त्यांच्याभोवतीच्या लसीकावाहिन्या (लिम्फ नावाचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नलिका) तुटतात, आणि त्यांतून झिरपणारे पाणी मूत्रपिंडाशेजारी हळूहळू साठत जाते. याला लिम्फोसील म्हणतात. ते सहसा काही आठवड्यांनी लक्षात येते. लहान असेल तर आपोआप जिरते, मोठे झाले तर शेजारची मूत्रवाहिनी दाबते, शीर दाबते, आणि मग क्रिएटिनिन वाढते व त्याच बाजूचा पाय सुजतो. मी पायाविषयी आधी का विचारले ते आता लक्षात येईल.

पुन्हा सोनोग्राफी करताना डॉक्टरांना आधीच सांगा की प्रत्यारोपणाचा रुग्ण आहे आणि मूत्रपिंड उजवीकडे पुढे आहे. मूत्राशय भरलेले आणि रिकामे, दोन्ही वेळा पाहायला सांगा. अहवालात रोपित मूत्रपिंडाची लांबी, वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात वेगवेगळा मोजलेला आरआय, मुख्य धमनी जेथे जोडली आहे तेथील रक्ताचा वेग, शीर मोकळी आहे की नाही, भोवती पाणी असल्यास त्याचे तीन दिशांचे माप, आणि उजव्या मांडीच्या शिरेचे डॉप्लर हे सर्व यायला हवे. जोडाजवळचा वेग मुद्दाम लिहिला. आपल्याकडे हापूसचे कलम बांधल्यावर बागायतदार आधी जोड पाहतो, तसेच आहे. धमनी जोडाशी अरुंद झाली तर तेथे रक्त फवाऱ्यासारखे धावते, सेकंदाला २५० ते ३०० सेंटिमीटरच्या वर, आणि मूत्रपिंडाच्या आत मात्र लहर सावकाश चढणारी व बसकी दिसते. अशा रुग्णाचा रक्तदाब औषधे वाढवूनही आटोक्यात येत नाही. हे बहुधा तीन महिन्यांनंतर दिसू लागते, म्हणून आजचे माप पुढच्या तुलनेसाठी मोलाचे आहे.

कॉन्ट्रास्ट सीटीविषयी: आजच्या घडीला ते पहिले पाऊल नव्हे. आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते आणि क्रिएटिनिन चढत असताना एकुलत्या एका मूत्रपिंडावर हा भार कारणाशिवाय टाकू नये. ते कधीच द्यायचे नसते असेही नाही. धमनीचा प्रश्न गंभीर वाटला तर फायदा-तोटा तोलून मुंबईचे डॉक्टर ते देतील. पाण्याचा साठा पाहायचा असेल तर कॉन्ट्रास्टविना सीटीतही तो दिसतो, आणि सोनोग्राफीत तर दिसतोच.

तिलारी यांच्या सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो हे बरोबर, पण त्यातील कॉन्ट्रास्टमध्ये गॅडोलिनियम असते. मूत्रपिंडाचे कार्य फारच घटलेल्या रुग्णांमध्ये जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियम औषधांमुळे कातडी आणि आतील ऊती कडक होण्याचा एक असाध्य विकार होतो, हे २००६ च्या सुमारास जगभर लक्षात आले. नवी औषधे पुष्कळ सुरक्षित आहेत, तरी ‘अपाय नाही’ असे सरसकट म्हणता येत नाही. सोनोग्राफीसाठीही एक कॉन्ट्रास्ट असते. ते वायूचे सूक्ष्म बुडबुडे असून त्यांतला वायू श्वासावाटे बाहेर पडतो, मूत्रपिंडावर भार पडत नाही. पण ती सोय मोठ्या शहरांतील मोजक्याच ठिकाणी मिळते.

राहिले घरी यंत्र आणण्याचे. ते शक्य नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी जागेसह होते आणि ते असे घरोघरी नेता येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना याचा त्रास होतो हे मी रोज पाहतो, पण हा कायदा कशासाठी आला हेही आपण सर्व जाणतो.

मालवणी खाजा

माझे प्रत्यारोपण होऊन नऊ वर्षे झाली. मूत्रपिंड माझ्या थोरल्या बहिणीचे आहे. डॉक्टरांनी शास्त्र सांगितले, मी रुग्णाच्या बाजूचे दोन शब्द सांगतो.

पाठीला प्रोब लावण्याचा प्रकार माझ्याही बाबतीत तीनदा झाला आहे. आता मी टेबलावर चढण्याआधीच शर्ट वर करून उजव्या हाताने टाक्यांची रेघ दाखवतो आणि म्हणतो, “डॉक्टर, माजी किडनी हयसर आसा, पाठीत नाय.” हसतात, पण प्रोब बरोबर जागी येतो. तरीही जुन्या मूत्रपिंडांकडे पाहिले म्हणून वेळ वाया गेला असे समजू नका. ती शरीरातच राहतात, वर्षानुवर्षे डायलिसिस झालेल्या माणसात त्यांच्यात गाठी धरतात आणि क्वचित त्यांतल्या एखादीत कर्करोगही निघतो. माझ्या डाव्या जुन्या मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी आहेत आणि दर वर्षी त्यांचे माप घेतले जाते. तक्रार एवढीच, की पाऊण पान जुन्यांना आणि दोन ओळी नव्याला, हे प्रमाण उलटे हवे होते.

मुंबई की गाव, या प्रश्नावर मी पहिली दोन वर्षे मुंबईच म्हणेन. डॉक्टर रागावणार नाहीत अशी आशा आहे. कारण यंत्राचे नाही, जुन्या चित्रांचे आहे. ज्या विभागात शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवशी तुमचे डॉप्लर झाले, तेथे ते चित्र संगणकात आहे आणि तपासणारा ते शेजारी उघडून पाहतो. येथे आपण कागदावर छापलेली, चार महिन्यांत पिवळी पडून पुसट होणारी थर्मल पट्टी घेऊन जातो, त्यातून कोणाला काय कळणार? मी एका वहीत प्रत्येक डॉप्लरची तारीख, लांबी, तिन्ही जागांचे आरआय, त्या दिवशीचे क्रिएटिनिन, रक्तदाब आणि टॅक्रोलिमस पातळी एकाच ओळीत लिहितो. माझा आरआय नऊ वर्षे ०.७६ ते ०.७९ च्या दरम्यान आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो जास्त वाटतो, वही पाहणाऱ्याला वाटत नाही.

वडिलांचा पहिल्या आठवड्यातला आरआय किती होता ते डिस्चार्जच्या कागदांत शोधा. तो तेव्हाच ०.७८ असेल तर आजच्या ०.८२ चा अर्थ एक, आणि ०.६२ असेल तर अगदी वेगळा.

टॅक्रोलिमसचे रक्त सकाळची गोळी घेण्याआधी दिले होते ना? आमच्याकडे प्रयोगशाळेचा माणूस उशिरा येतो आणि कित्येक रुग्ण आठाची गोळी घेऊन बसलेले असतात. मग पातळी फसवी जास्त येते, त्यावरून डोस कमी होतो आणि पुढचे सगळेच चुकते.

क्षकिरण कुडाळ

खाजाकाका, रागावण्याचे कारण नाही. जुन्या चित्राशेजारी ठेवल्याशिवाय नव्या चित्राला फारसा अर्थ नाही, हे शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी माणसानेच मुंबईला गेले पाहिजे असे नाही, चित्रे प्रवास करू शकतात. रुग्णालयाच्या रेडिओलॉजी विभागाकडे अर्ज करून जुन्या तपासण्या डायकॉम स्वरूपात (वैद्यकीय चित्रांच्या मूळ डिजिटल फाइलींच्या रूपात) सीडी किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्याव्यात. त्या कोणत्याही रेडिओलॉजिस्टला आपल्या संगणकावर मापांसह उघडता येतात. मोबाइलने पडद्याचा काढलेला फोटो किंवा अहवालाचा पीडीएफ हा त्याला पर्याय नव्हे. उलट दिशेनेही तेच करावे आणि येथील तपासणीची चित्रे व छोट्या चित्रफिती मुंबईला पाठवाव्यात.

शिवाय क्रिएटिनिन दोन दिवसांत चढत असताना, पावसाळ्यात दरड कोसळून गाड्या अडकलेल्या असताना, ‘पहिली दोन वर्षे मुंबईच’ हा नियम पाळायला गेलो तर मधले दोन दिवस हातचे जातात. मूत्रवाहिनी तुंबली आहे का आणि भोवती पाणी आहे का, एवढे पाहायला तालुक्याचे यंत्र पुरते, फक्त पाहणाऱ्याने ते प्रश्न मनात घेऊन पाहिले पाहिजे. धमनीच्या जोडाचा वेग मात्र अनुभवी हातानेच मोजावा, कारण प्रोबचा कोन ६० अंशांच्या पलीकडे गेला की आलेला आकडा भरवशाचा राहत नाही.

सुवर्णदुर्ग

विषय मूत्रपिंडाचा आहे, तरी यकृताचा अनुभव लिहिते, कारण येथे दापोली-मंडणगड भागातील यकृत प्रत्यारोपणाचे रुग्णही वाचत असतील आणि ‘गावाची सोनोग्राफी पुरते’ हे वाक्य त्यांनी आपल्याला लावून घेऊ नये.

मी माझ्या भावाला यकृताचा भाग दिला. शस्त्रक्रिया पुण्यात झाली. अतिदक्षता विभागात पहिले काही दिवस रोज, कधी दिवसातून दोनदा, त्याच्या खाटेशी यंत्र आणून डॉप्लर करत. मला वाटायचे की इतक्यांदा कशाला? नंतर तेथील डॉक्टरांनी समजावले की यकृताच्या धमनीत गुठळी झाली तर पित्तनलिकांचा रक्तपुरवठाच तुटतो, कारण त्या जवळजवळ सर्वस्वी त्या धमनीवर जगतात, आणि हे काही तासांत कळले तरच पुन्हा शस्त्रक्रिया करून यकृत वाचवण्याची संधी असते. रुग्णाला त्या वेळी काहीच जाणवत नाही, रक्ततपासणीतही लगेच फरक पडेलच असे नाही. धमनी, प्रवेशिका शीर (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी) आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा, असे तिन्हीकडे पाहावे लागते, आणि दात्याचा अर्धाच भाग बसवलेला असल्यामुळे त्यांची ठेवण नेहमीच्या यकृतासारखी नसते. घरी आल्यावर सहाव्या महिन्यात त्याचे बिलिरुबिन (काविळीत वाढणारा रक्तातील घटक) वाढले तेव्हा येथील सोनोग्राफीत पित्तनलिका ‘ठीक’ दिसल्या होत्या. पुण्याला केलेल्या एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिका दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये, जोडाशी अरुंदपणा सापडला. त्या तपासणीत शिरेतून कॉन्ट्रास्ट द्यावे लागले नाही, हे तिलारी यांच्यासाठी मुद्दाम लिहिते. एमआरआयचे सगळेच प्रकार सारखे नसतात.

वाशिष्ठीकाठ, आपल्या आईंना माझ्याकडून एक सांगा. दात्याला वाटते की आपलेच काही कमी पडले. मलाही तसेच वाटले होते. भावाची नलिका जोडाशी आवळली होती, यकृत माझे होते म्हणून नव्हे.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पुढे काय झाले ते लिहिणे माझे कर्तव्य आहे.

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचला त्याच रात्री समन्वयक ताईंना फोन करून पायाच्या सुजेबद्दल सांगितले. त्यांनी नेफ्रॉलॉजिस्टांशी बोलून दुसऱ्या दिवशी सकाळी चिपळूणला पुन्हा सोनोग्राफी करायला सांगितली. या वेळी मी येथील यादी कागदावर उतरवून नेली होती. तेथील तरुण रेडिओलॉजिस्टबाईंनी ती शांतपणे वाचली, वडिलांना आधी स्वच्छतागृहात पाठवले आणि नंतर अर्धा तास तपासले. पडदा त्यांनी माझ्याकडे वळवला होता. मूत्रपिंडाचा राखाडी, शेंगेसारखा आकार, त्यात लाल-निळ्या फांद्या, आणि त्याच्या खालच्या टोकाला टेकलेला एक काळाभोर, कडा स्पष्ट असलेला डाग, तोही मूत्राशयाच्या डागाइतकाच काळा. मला दोन मूत्राशये असल्यासारखे वाटले. पाणी असे निव्वळ काळे दिसते, असे त्या म्हणाल्या. आदल्या तपासणीत भरलेल्या मूत्राशयाशेजारी असल्यामुळे ते बहुधा त्याचाच भाग समजले गेले असावे. माप ७ बाय ५ बाय ५ सेंटिमीटर आले. मूत्राशय रिकामे करूनही मूत्रपिंडातला फुगवटा तसाच होता. मांडीच्या शिरेत गुठळी नव्हती, पण वर ती दबलेली दिसत होती. आरआय तीन जागी ०.८०, ०.८१ आणि ०.८३. डिस्चार्जच्या कागदांत पाहिले तर पहिल्या आठवड्यात तो ०.७१ होता.

त्याच रात्रीच्या गाडीने आम्ही मुंबईला निघालो. तेथे सोनोग्राफीत पाहत सुईने पाणी काढले. ते फिकट पिवळे आणि पारदर्शक होते, आणि मला ती लघवीच वाटली. पण त्या पाण्यातील क्रिएटिनिन तपासले तेव्हा ते रक्तातल्या इतकेच, १.७ आले. लघवी गळत असती तर ते कित्येक पटींनी जास्त आले असते, असे डॉक्टरांनी समजावले. म्हणजे ते लिम्फोसीलच होते. बारीक नळी ठेवून पाणी वाहते ठेवले आहे. टॅक्रोलिमसची पातळी योग्य मर्यादेत आली, आणि हो काका, रक्त गोळीच्या आधीच दिले होते. बायोप्सी तूर्त केलेली नाही, क्रिएटिनिन उतरते का ते पाहून ठरवणार आहेत. काल ते १.४ होते, पायाची सूज बरीच ओसरली आहे. पाणी पुन्हा साठत राहिले तर दुर्बिणीने त्या पोकळीला पोटात एक खिडकी उघडून द्यावी लागेल, म्हणजे ते पाणी पोटाच्या आवरणात जिरत जाईल, असे शल्यविशारद म्हणाले.

जुन्या सर्व तपासण्यांची सीडी मागण्याचा अर्ज आज दिला आहे. वहीचे पहिले पान आईने स्वतः आखले. तिने त्यात एक रकाना वाढवला आहे: उजव्या पायाच्या घोट्याचा घेर, रोज सकाळी, शिवणकामाच्या टेपने.

क्षकिरण कुडाळ

घोट्यासोबत पोटरीचा घेरही गुडघ्याखाली ठरावीक अंतरावर खूण करून घ्या, आणि डाव्या पायाचाही तुलनेसाठी घ्या. नळी काढल्यानंतर सोनोग्राफी केव्हा करायची ते डिस्चार्जच्या कागदावर तारखेसह लिहून मागा. ती चिपळूणच्या त्याच बाईंकडे करा.

मालवणी खाजा

आणि थर्मल पट्टीची आजच झेरॉक्स काढून ठेवा.